यादीतलं नववं नाव

१ मार्च, सोमवार

सोफियाच्या मुख्य कचेरीतून आमच्या रुसे शहरातल्या पूर-अंदाज केंद्राला पत्र आलं. आलं कसलं, आदळलं! यंत्राच्या ओळखीवर मिळणारा प्रवेश महिनाअखेर बंद. यापुढे प्रत्येकानं स्वतःची किल्ली बनवायची, तिला परवलीचं वाक्य, वर फोनवर येणारा आकडा. क्रासेनसाहेबांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तेमेनुगा, हे तुझं." जसं काही माझ्याच घरून आलंय.

तळघरात संगणकाची आठ मशीन. त्यांतली मोरुना म्हणजे दरवाजा, बाहेरचा जो येईल तो तिच्यातून. सगळ्यांना नदीतल्या माशांची नावं, ही आमच्या निवृत्त ओग्न्यानकाकांची हौस. मोरुनाची रीतही त्यांनीच लावून दिलेली. कुणी आलं की ती त्या माणसाला पासवर्ड विचारत नाही. तो ज्या मशीनवरून आला त्या मशीनला विचारते, हा तुमच्यातला का? ते मशीन आपली खूण पटवतं आणि म्हणतं, हो, आमचाच. झालं, या आत! माणूस बघायचाच नाही, घर बघायचं. आमच्या जिन्यातही तेच आहे. शेजारच्या दारातून जो बाहेर पडतो त्याला कोण तुम्ही म्हणून कुणी हटकत नाही.

अशा विश्वासातल्या मशीनची यादी आहे. तीत नऊ नावं. आठ तळघरातली. नववी चिगा, ती काकांच्या घरी. निवृत्तीच्या दिवशी टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून नेली त्यांनी, दुसरी बाजू मी धरली होती. घर दोन इमारती सोडून, केंद्राच्याच वसाहतीत. वायरसुद्धा आमचीच.

म्हणजे तीस दिवसांत काकांची किल्ली बनवायला हवी. नाहीतर ते बाहेर. आणि त्यांना बाहेर काढणारी मी!

खोलीच्या कडीला दोन मार्तेनित्सा लटकत होत्या, लाल-पांढऱ्या दोऱ्याच्या. दर वर्षी काकांकडून येतात. एक माझ्या मनगटाला, एक मोरुनाच्या हँडलला. करकोचा दिसेपर्यंत दोघींनी काढायच्या नाहीत.

२ मार्च

मोरुनाच्या नोंदीत रोज सकाळी मी पहिली ओळ हीच शोधते: "६.४०. ओगी. चिगावरून. स्वीकारला." आजही होती. ओगी म्हणजे ओग्न्यानकाका. टिपणांच्या फाइलमध्ये काकांचे शब्द: "चौथ्या दिवसाचा अंदाज वीस सेंटीमीटर कमी धरलायस. पाण्याला मातीचा वास आहे, वरती बर्फ सुटलंय. मांडणी मात्र सुरेख, मुली."

म्हणजे हा माणूस सहाला नदीवर जाऊन आला! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तो अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर!

दुपारी क्रासेनसाहेबांनी विचारलं, "म्हातारा कसा आहे?" मी म्हटलं, "ठणठणीत. आज सकाळीच येऊन गेले."

३ मार्च

मुक्तिदिनाची सुट्टी. झेंडे, बँड. दिवसभर झोपले. ६.४० मात्र घरून पाहिलं. स्वीकारला.

५ मार्च

फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं: काका, किल्ली बनवायला घरी येऊ का? आज उत्तर: "घाई काय आहे. महिना पडलाय."

घरी फोन केला. राइनाकाकूंनी उचलला. "झोपलाय गं." सकाळचे दहा वाजले होते. "बरं, उठले की सांगाल?" "सांगते की. तू जेवतेस ना वेळेवर?" फोन बंद.

मी त्यांना शेवटचं कधी पाहिलं? मागच्या मार्चला काकूंना दारात भेटले होते. काका झोपले होते. त्याच्या आधी दवाखान्यात, काचेतून.

दोन वर्षांपूर्वी झटका आला तो नोव्हेंबर आठवतो. वाटलं, संपलं. पंधरा दिवस मोरुनाच्या नोंदीत ती ओळ नाही. आणि सोळाव्या दिवशी — ६.४०, ओगी, स्वीकारला! मी तळघरात मोरुनासमोर बसून चक्क रडले होते.

९ मार्च

काका आजारपणानं फार मवाळ झालेत. पूर्वी एक दिवस कौतुक, दुसऱ्या दिवशी शिव्या. "हा आलेख तू काढलास की मांजर चाललं कागदावरून?" दोन वर्षांत एक शिवी नाही. नुसतं छान, सुरेख, शाब्बास. कौतुकाला कोण नाही म्हणतं? पण ते मांजर आठवतं मला.

माझ्या टेबलामागच्या भिंतीवर त्यांचं पहिलं टिपण चिकटवलंय. कागद पिवळा पडलाय. मी नोकरीला लागले त्या वर्षीचा वसंत. सगळ्यांचा अंदाज होता पाणी बंधाऱ्याच्या खाली राहील. माझा एकटीचा आकडा वरचा. तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "पोरीला नदी स्वप्नात येऊन सांगते का?" आकडा मागे घ्यायचा आणि नोकरीही सोडायची असं ठरवूनच सकाळी आले. फाइलमध्ये होतं: "आकडा तुझा बरोबर आहे. त्यांचा नाही. ठाम राहा." राहिले. खालच्या गावाला आदल्या दिवशी वर आणलं. पाणी आलं, माझ्या आकड्यापेक्षा पाचच सेंटीमीटर कमी.

त्या तीन वाक्यांवर माझी आजवरची नोकरी उभी आहे. असल्या माणसाला मी मोरुनाच्या दाराबाहेर ठेवू?

१२ मार्च

पुन्हा फोन. "अंघोळ चाललीये." पुन्हा फाइलमध्ये विनंती. उत्तर: "पुढच्या आठवड्यात बघू. आज पाणी तीन बोटं चढलं."

रागच आला. मी काय गप्पा मारायला येतेय? दहा मिनिटांचं काम! मला टाळतायत. का? काय केलं मी?

१५ मार्च

सगळ्यांच्या किल्ल्या झाल्या. भांडारातल्या माणसानंसुद्धा केली, कुत्र्याच्या नावानं. मी सांगितलं, कुत्र्याचं नाव नको, तर म्हणाला, "दोन कुत्री आहेत, दुसऱ्याचं घेतलंय."

एकच नाव बाकी.

१७ मार्च

न सांगता गेले. वाटेत पाव-दुकानातून चीज भरलेली गरम बानित्सा घेतली, म्हणजे दारातूनच परत पाठवता येऊ नये.

काकूंनी दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, बानित्साकडे बघितलं, आणि दार अडवून उभ्याच राहिल्या. "झोपलाय" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून आवाज आला. शब्द नव्हता. नुसता आवाज, वर चढत जाणारा. काकूंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "ये. पण माझ्यामागून ये. स्वयंपाकघरातून. एकटी पुढे होऊ नकोस."

काका खिडकीशी खुर्चीत होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, म्हणजे कुणीतरी ठेवलेला. केस नीट विंचरलेले. मनगटाला मार्तेनित्सा. मला बघून कपाळ आक्रसलं. मग काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाल्या, "ही आपली नुशा." तसे काका हसले. माझं लाडाचं नाव कळून नव्हे. त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं! राइनाबरोबर आली म्हणजे आपलीच, एवढंच.

"एकटा माणूस आला की ओरडतो," काकू म्हणाल्या. "व्यायामवाली येते ना, तिलासुद्धा मी हात धरून आत आणते. माझ्याबरोबर यमदूत आला तरी हसेल."

मी त्यांना मोरुना म्हटलं, चिगा म्हटलं, पाण्याची पातळी सांगितली. ते माझी बोटं मोजत राहिले. चारच्या पुढे जाईनात. पुन्हा पहिल्यापासून.

कोपऱ्यात चिगा चालू होती. तिच्या कीबोर्डजवळ काकूंचा चष्मा.

दोन वर्षं! दोन वर्षं मी लोकांना सांगतेय, ठणठणीत आहेत, आज सकाळीच येऊन गेले!

१८ मार्च

काल काकू काय म्हणाल्या ते लिहून ठेवते. जसंच्या तसं आठवत नाही, पण आठवतं तेवढं.

स्वयंपाकघरात लिंडेनच्या फुलांचा चहा. मी चमचा नुसताच फिरवत होते. त्या मात्र नेहमीसारख्या, टेबल पुसत बोलत होत्या.

"दवाखान्यातून आणला. पहिल्याच सकाळी मी नदीवर गेले, सवयीनं. परत आले, चिगा चालू केली. ती चालू झाली की ओगी म्हणूनच चालू होते, तुला माहीत आहे. तुझी फाइल उघडली. तू लिहिलं होतंस, काका, तुमच्याशिवाय पाणी कळत नाही. मग लिहिलं. म्हटलं, एक दिवस."

"काकू, मला सांगायचं होतं ना!"

"काय सांगणार? तो इथे बसलाय आणि त्याला माझं नाव येत नाही? तिथे तरी तो रोज कामावर जात होता. तुम्ही लोक म्हणत होतात, ओगी आला."

मी विचारलं, पाणी कसं कळतं तुम्हाला? त्यावर त्या हसल्या. माझी लाज काढणारं हसू. एकतीस वर्षं त्या धक्क्यावरची मोजपट्टी वाचत होत्या, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून डोक्यात आलं नाही! रोज सहाला पायऱ्या उतरायच्या, आकडा वाचायचा, सोफियाला फोन करून द्यायचा. "फोनवर 'रुसे बोलतंय' म्हणायचं, मग आकडा. पलीकडून 'घेतलं' म्हणायचे. एकतीस वर्षांत नाव कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. रुसेहून आलाय म्हणजे आकडा खरा."

मग टेबल पुसायचं थांबवून म्हणाल्या, "ते एक नाव यादीत राहू दे ना, नुशा. नऊच तर आहेत. कोणाला दिसतंय?"

निघताना त्यांनी मिरचीच्या चटणीची बाटली माझ्या पिशवीत कोंबली. लाच नव्हे. दर वर्षी देतात, दारात.

१९ मार्च

६.४०. ओगी. चिगावरून. स्वीकारला.

टिपण कोरं. एक शब्द नाही. पण काकू येऊन गेल्या होत्या.

मोरुनाचा राग आला. मग लगेच गेला. तिनं कधीच म्हटलं नव्हतं की ओग्न्यान आलाय. ती म्हणत होती, चिगाकडून कुणीतरी आलंय आणि चिगा सांगतेय तो ओगी आहे. पुढचं सगळं मी मनानं जोडलं. दुसऱ्यांना शिकवते हे मी! नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगते, नोंद म्हणजे माणूस नव्हे. आणि स्वतः दोन वर्षं नोंद बघून समाधान मानलं. दोन इमारती चालून गेले नाही.

२२ मार्च

नाव लपवता येईल. मोरुनाची फाइल माझ्याच हातात आहे, तपासणीवाले आठ मशीन मोजून जातील. तीन दिवस याच विचारात आहे. कामात लक्ष नाही. मीठ घातलेल्या सारात पुन्हा मीठ घातलं.

पण नाव राहिलं तर काय राहील? काकूंनी जन्मभर दुसऱ्याच्या नावानं बोलायचं, रुसे म्हणून, ओगी म्हणून. आणि उद्या काका गेले तर? गेलेला माणूस रोज ६.४० ला येणार, आणि मी हो म्हणणार?

नाही. नाही जमायचं मला.

२४ मार्च

क्रासेनसाहेबांना सगळं सांगितलं. दार लावून. ते आधी पांढरे झाले, मग लाल. मार्तेनित्साच झाले!

"दोन वर्षं परकी बाई आपल्या मशीनवर?"

"परकी नाही, साहेब. राइनाकाकू."

"कागदावर परकीच! माझी खुर्ची जाईल, तुझी आधी जाईल!" खोलीत चार फेऱ्या मारल्या. मग खिडकीशी उभे राहून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "टिपणं कशी होती?"

"तिन्ही पुरांत आपल्या आधी होती."

"हं." काचेवरची धूळ बोटानं पुसली. "आणि तो... ओळखत नाही कुणाला?"

"नाही."

साहेबांना नोकरीला काकांनीच लावलं होतं. नाक शिंकरलं त्यांनी, सर्दी झाल्यासारखं. म्हणाले, जे घडलं ते आपण आपल्याच हातानं लिहून कळवायचं, लपवायचं नाही, सही माझी. आणि नियमांत मानद निरीक्षक नावाचा एक प्रकार आहे. वर्षानुवर्षं कुणी भरलेला नाही. अर्ज तिनं स्वतः करायचा, स्वतःच्या नावानं. "ओग्न्यानचं नाव मात्र एकतीसला काढ. तूच काढ."

२५ मार्च

करकोचा! धक्क्यावरून जाताना, गढूळ पाण्यावरून दोन. मार्तेनित्सा काढून जर्दाळूच्या फांदीला बांधली. मोरुनाचीही वर आणून तिथेच बांधली.

काकूंना अर्जाचं सांगितलं. नाही म्हणाल्या. सरळ नाही. "माझ्या नावाचं कोण वाचणार? मी मोजपट्टीवाली. ओगी म्हणतो म्हणून वाचता तुम्ही."

"मी वाचते, काकू."

"तूसुद्धा. तुला वाटत होतं तो लिहितोय, म्हणून वाचत होतीस."

खरं होतं ते.

२८ मार्च, रविवार

पुन्हा गेले. काकूंच्या मागून, स्वयंपाकघरातून. काका हसले. मी शेजारी बसून त्यांना माझी बोटं मोजू दिली. आज पाचपर्यंत गेले! काकू दारातून बघत होत्या. "बघ, पाच," मी म्हटलं. त्या आत वळल्या, भांडी उगाच वाजवली.

निघताना अर्जाचा कागद चिगाच्या कीबोर्डखाली ठेवला.

३० मार्च

अर्ज नाही. फोन नाही. ६.४० आहे, टिपण कोरं. बारा दिवस कोरं. पाणी चढतंय आणि माझा अंदाज एकटा आहे.

३१ मार्च, बुधवार

तीनला तळघरात उतरले. मोरुनाची यादी उघडली. नववी ओळ. तिच्यापुढे काकांनी तेव्हा लिहून ठेवलेला शेरा आहे, मी तो कितीदा पाहिला असेन: "घर. विचारू नये."

हात पुढे जाईना.

मागे पावलं. क्रासेनसाहेब! आणि त्यांचा दंड धरून, सणाच्या कोटात, लिपस्टिक लावून राइनाकाकू. साहेबांना त्यांनी जिन्यात गाठलं होतं. काकांजवळ व्यायामवाली बसलीये म्हणाल्या. "हात धरून बसवून आले तिला. तासभर हसेल तो." पर्समधून घडी घातलेला अर्ज काढला. खाली सही, पूर्ण नाव, अगदी बापाच्या नावासकट.

"मला बघायचंय," त्या म्हणाल्या.

मी ओळ पुसली. नऊची आठ झाली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. तो थोडा जड झाला, एवढंच. मग म्हणाल्या, "बावीस वर्षं आला गं रोज. दवाखान्याचे पंधरा दिवस सोडले तर एक दांडी नाही." मी रडले, साहेब रडले. त्या नाही.

मग त्यांची किल्ली बनवली. परवलीचं वाक्य टाकताना मी तोंड फिरवलं. फार मोठं वाक्य होतं. टाकून झाल्यावर स्वतःशीच हसल्या. काय ते कुणाला कळणार नाही, कळूही नये.

१ एप्रिल, गुरुवार

"६.४०. राइना. चिगावरून. स्वतःच्या किल्लीनं. स्वीकारली."

टिपण: "राइना बोलतेय. तुझा आकडा बरोबर आहे, पाणी बंधाऱ्याला लागेल, शनिवारी. आता नावानं बोलतेच आहे तर एक सांगून टाकते. भिंतीवर लावलंयस ना, ठाम राहा? ते मी लिहिलं होतं. ओगी तेव्हा दाढी करत होता. त्याला ठाऊक होतं. रोज सकाळी दोघं बसायचो, शिव्या त्याच्या असायच्या, कौतुक माझं. मांजर त्याचं."

भिंतीवरचा कागद काढला. खाली काकूंचं नाव लिहिलं. परत लावला.

शनिवारचा आकडा बदलत नाही.